डिस्क ठणठणीत होती, तरी ११,७०० रुपये उकळले

तपासणी ५००, नवी २५६ जीबीची एसएसडी २,९००, 'डेटा रिकव्हरी' ७,५००, सिस्टिम टाकायचे ८००. एकूण ११,७०० रुपये, यूपीआयने, पक्कं बिल नाही. नाशिकमधल्या एका दुरुस्तीच्या दुकानाने घेतले. बिघाड होता एका फाईलमधला एक शब्द. तो खोडायला स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही.

'बोर्ड गेला, डिस्क उडाली' ही भाषा सगळ्यांना माहीत आहे. विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टिम असलेल्या मशीनवर ती जास्त खपते, कारण काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या ओळी गिऱ्हाईक वाचत नाही हे दुकानदाराला ठाऊक असतं.

हिशोबाचा डेस्कटॉप, उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) चालणारा. पडदा लुकलुकत होता म्हणून ग्रबच्या (मशीन सुरू होताना सिस्टिम उचलणारा प्रोग्राम) डिफॉल्ट कमांड-लाइनमध्ये, जिथे मुळात फक्त 'क्वाएट स्प्लॅश' असतं, तिथे इंटरनेटवरच्या सल्ल्यातली ओळ टाकली. ही ओळ ज्या फाईलमध्ये असते ती बदल करण्यासाठीच असते, त्यात काही अघोरी नाही. पण सल्ला देणाऱ्याकडे दोन डिस्क होत्या आणि त्याच्या ओळीत 'रूट=/डेव्ह/एसडीबी२', म्हणजे 'सिस्टिम दुसऱ्या डिस्कवर शोध', हेही होतं. तसा इशारा त्याने कुठेही दिलेला नव्हता. उबुंटूचा ग्रब डिस्कची ओळख यूयूआयडीने (तिच्या भागाचा एकमेव क्रमांक) देतो, मात्र त्याच ओळीत पुढे दुसरा 'रूट' आला की शेवटचाच धरला जातो. मशीन रीस्टार्ट केलं तर अर्धा मिनिट नुसतं थांबतं, मग 'अलर्ट! /डेव्ह/एसडीबी२ डज नॉट एक्झिस्ट' आणि खाली इनिट्रॅमएफएसचा (मुख्य सिस्टिमआधी चालणारी छोटी तात्पुरती सिस्टिम) प्रॉम्प्ट.

दुकानातल्या माणसाने नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "बघा साहेब, मशीनच सांगतंय, डिस्क नाही. गेली."

इथेच त्याला अडवायला हवं होतं. त्या कॅबिनेटमध्ये डिस्क एकच, तिचं नाव एसडीए. एसडीबी कधी नव्हतीच, मग गेली कुठून? शिवाय ग्रबचा मेनू, कर्नल (सिस्टिमचा गाभा), इनिट्रॅमएफएस हे सगळं त्याच 'गेलेल्या' डिस्कवरून वाचलं गेलं होतं. पुरावा पडद्यावर लिहिलेला होता आणि तोच उलटा वाचून दाखवला! पण मार्चअखेर, आत निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांचे वर्षाचे हिशोब, आणि समोरचा म्हणतो "आता परत चालू केलं तर डेटा उडेल". अशा वेळी कोण ओळी वाचत बसेल? ७,५०० रुपये या भीतीचे घेतात.

रिकव्हरी खोटी होती हे नंतर फाईलींनीच दाखवलं. सगळी फोल्डरं जागच्या जागी, नावं तीच, तारखाही त्याच. फाईल सिस्टिम मोडल्यावर फोटोरेकसारख्या साधनाने फाईली खणून काढाव्या लागतात, तेव्हा मूळ नावं आणि फोल्डरं मिळत नाहीत. ही साधी कॉपी होती. भांडून जुनी डिस्क परत मिळवली आणि डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएल या साधनाने तपासली: रीअलोकेटेड सेक्टर ०, पेंडिंग सेक्टर ०, म्हणजे खराब झालेला भाग एकही नाही. जुनी डिस्क दुकानात कधीही सोडू नका. मशीन देण्याआधी तिच्या सिरियल नंबरचा फोटो काढा.

आणि दुकानात जाण्याआधी हे करा. मशीन सुरू होताना, त्याचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर नवं यूईएफआय असेल तर एस्केप, जुनं बायोस असेल तर शिफ्ट दाबा. एस्केप एकदाच, जास्त वेळा दाबलं तर ग्रबचा प्रॉम्प्ट येतो, तिथे 'नॉर्मल' टाइप करून मेनूवर परत या. मेनूत अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून रिकव्हरी मोड निवडा. तिथे ही डिफॉल्ट ओळ लागूच होत नाही. रिकव्हरी चालली आणि नेहमीचं चालत नाही, तर आधी त्या ओळीवर संशय घ्या, नव्या डिस्कला पैसे देऊ नका. किंवा मेनूवर 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीतला चुकीचा शब्द खोडा, कंट्रोल-एक्स किंवा एफ१०. हा बदल त्या एका वेळेपुरताच राहतो. मशीन उघडल्यावर इटीसी/डिफॉल्ट/ग्रब फाईल दुरुस्त करून सुडो अपडेट-ग्रब चालवलं नाही, तर पुढच्या वेळी पुन्हा तेच.

पोलीस ठाण्यात म्हणाले, दिवाणी बाब आहे. यूपीआयची नोंद दाखवली, तर "राजीखुशीने दिलेत ना?" सायबरकडे जावं तर दुकानात समोरासमोर झालंय, ऑनलाइन नाही. दुसऱ्या एका कार्यालयात सांगितलं, पक्कं बिल आणा. अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे टेबलामागच्या माणसाला गिऱ्हाइकाने समजवायचं? वर म्हणे, डिस्क चांगली असल्याचा तज्ज्ञाचा दाखला आणा. तो कोणाकडून आणायचा, तशाच दुसऱ्या दुकानातून? फसवणारा दुकानात निवांत बसलेला, आणि ज्याचे पैसे गेले त्यानेच कागद घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचं.

त्यापेक्षा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि जिल्हा ग्राहक आयोगात जा. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. अर्जासोबत यूपीआयची नोंद, दुकानाशी झालेलं व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, एररचा फोटो आणि जुन्या डिस्कचा सिरियल नंबर दिसणारा स्मार्टसीटीएलचा अहवाल लावा. मूळ डिस्क कोणालाही देऊ नका.