शेड कार्डापाशीच सुरू होणारी लूट: बुलेट-जावा रंगवायला देण्याआधी

जुनी बुलेट, जावा किंवा त्याच धाटणीची नवी गाडी रंगवायला दिली की लूट पेंटरने स्प्रे गन हातात घेण्याच्या बऱ्याच आधी सुरू होते. समोर शेड कार्ड, म्हणजे रंगछटांच्या नमुन्यांचं कार्ड, येतं, गिऱ्हाईक मरून घ्यावा की काळा यात अर्धा तास अडकतं, आणि त्या शेडखाली कुठला प्राइमर (पत्र्यावरचा पहिला थर) बसणार, वर लॅकर (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) कुठलं येणार हे विचारायचं राहून जातं. दर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन रंगाचा, ठरतो, गाडीवर ड्युको मारला जातो. गाडी ताब्यात मिळते त्या दिवशी दोन्ही सारखेच चमकतात.

खरं काय ते टाकीच्या तोंडाशी कळतं. ड्युको, म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, नुसता थिनर उडून सुकतो. पेट्रोल भरताना चार थेंब ओघळले की झाकणाभोवतीचा रंग मऊ पडतो, फडक्याने पुसला की सुरकुततो. पावसाळ्याच्या दमट हवेत मारला असेल तर त्यावर दुधाळ झाकही येते. टूके, म्हणजे दोन घटकांचं, पीयू लॅकर त्यात मिसळायच्या हार्डनरशी जुळून घट्ट होतं, म्हणून ते पेट्रोलला टिकतं. हार्डनर महाग, त्यामुळे चोरीही तिथेच. डब्यावर २:१ प्रमाण असेल तर अर्धा लिटर लॅकरला पाव लिटर हार्डनर लागतो (काही लॅकरचं प्रमाण ४:१ असतं, डब्यावर वाचा). त्याऐवजी थोडासा हार्डनर टाकून बाकी थिनरवर भागवलं जातं, किंवा कधीचा उघडा पडलेला, हवेतला ओलावा शोषलेला डबा वापरला जातो. असं लॅकर दोन महिन्यांनीही नखाने दबतं.

कुठला रंग निवडलात त्यावर तुम्हाला कुठे फसवता येईल हे ठरतं.

कँडी लाल किंवा कँडी मरून तीन थरांचा असतो: खाली चंदेरी बेस, त्यावर पारदर्शक रंगीत थर, सगळ्यात वर लॅकर. पैसे तिन्ही थरांचे घेतले जातात आणि मारला जातो साधा मेटॅलिक लाल. भर उन्हात बघा. कँडीचा उजेड आतून आल्यासारखा वाटतो, टाकीच्या वळणावर गडद-फिका खेळ दिसतो. साधा मेटॅलिक वरच्या वरच चमकतो. कँडीत रंगीत थराचा एक कोट जास्त झाला तरी शेड गडद होते, म्हणून टाकी, साइड पॅनेल आणि मडगार्ड एकाच बैठकीत मारावे लागतात. “टाकी आज देतो, मडगार्ड पुढच्या आठवड्यात” असं ऐकलंत की तिथेच थांबवा.

काळा रंग सोपा आणि स्वस्त वाटतो, पण पत्र्याची लबाडी सगळ्यात जास्त तोच उघडी पाडतो. पोचा ठोकून काढण्याऐवजी पुट्टी (खड्डे भरायचा लगदा) थापली जाते. पुट्टी एक-दोन मिलिमीटर असेल तर ठीक, तीनच्या वर गेली की एंजिनाच्या हादऱ्यांनी तडकते. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब टाकीवर पाडा. ते लाटेसारखं वाकलं तर घासकाम अर्धवट आहे. पातळ कापडात गुंडाळलेलं लहान चुंबक टाकीवरून फिरवा, एखाद्या जागी ते धरत नसेल तर तिथे जाड पुट्टी आहे. यातला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे गंजाने पडलेली बारीक भोकं पुट्टीने बुजवणं. पेट्रोल आतून झिरपतं आणि थोड्याच दिवसांत रंगाला फोड येतात. टाकी आधी आतून साफ करून, गळती तपासून, झाळून घ्यायलाच हवी.

मॅट रंगात लॅकरच गाळलं जातं. “मॅटला लॅकर नसतं” हे साफ खोटं आहे. मॅट लॅकर वेगळं मिळतं आणि ते लागतंच. नुसत्या बेसवर पेट्रोलचे डाग कायमचे बसतात.

ऑलिव्ह ग्रीनबद्दल तर हात जोडून सांगतो, नका निवडू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. रॉयल एनफील्डने २०१८ मध्ये काढलेली पेगॅसस जगात तपकिरी आणि ऑलिव्ह अशा दोन रंगांत आली, भारतात मात्र फक्त तपकिरी विकली गेली. “मिलिटरी लूक” देतो म्हणणारा पेंटर पैसे घेऊन मोकळा होतो, रस्त्यात अडवतात ते तुम्हाला. दुसरा कुठलाही रंग बदललात तरी आरसीवर जुनाच रंग असतो, तेव्हा आरटीओत नोंद बदलून घ्या.

टाकीवरच्या सोनेरी रेघेचंही तसंच. हाताने ओढलेल्या रेघेचे पैसे घेऊन पट्टीचा स्टिकर लावतात. नख फिरवा, कड लागली तर स्टिकर लॅकरच्या वर चिकटवलेला आहे, धुता धुता सुटणार.

चासीला पावडर कोटिंग (रंगाची पूड भट्टीत वितळवून बसवणं) करून घेणार असाल तर चासी नंबर आधी झाकून घ्यायला सांगा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. सँडब्लास्टिंगने (वाळूच्या माऱ्याने जुना रंग काढताना) आणि जाड थराखाली नंबर बुजला की पासिंगला आणि विक्रीला गाडी अडकते. पुट्टी भरलेली टाकी पावडर कोटिंगला देऊ नका. भट्टी १८०-२०० अंशांची असते, त्यात साधी पुट्टी टिकत नाही.

माल शक्यतो स्वतः आणा. टाकी, दोन साइड पॅनेल, दोन मडगार्ड आणि हेडलाइटचं घर यांना साधारण अर्धा लिटर बेस, अर्धा लिटर लॅकर आणि त्या प्रमाणात हार्डनर लागतो. मिक्सिंगच्या दुकानातून शेड कोड आणि ग्रॅममधलं प्रमाण लिहिलेली चिठ्ठी मागून घ्या. आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर लॅकरसकट नमुना मारून घ्या आणि तो उन्हात बघा. कार्डावरचा बोटभर चौकोन आणि गोल टाकी यांत फार फरक पडतो. उघडा पत्रा, प्राइमर आणि बेस या तिन्ही टप्प्यांवर स्वतः जाऊन बघा, पैसेही तसेच टप्प्याने द्या.

शेवटचा हप्ता आठवडाभर हातात ठेवायचा, हे काम देतानाच ठरवा. भट्टीशिवाय सुकवलेल्या टूकेला पक्कं व्हायला तेवढे दिवस लागतातच. मग टाकीच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, थिनरमध्ये भिजवलेला पांढरा कापूस अर्धा मिनिट दाबून धरा. कापसाला रंग लागला किंवा जागा चिकट झाली, तर तुम्ही मोजलेल्या पैशांचं पीयू त्या टाकीवर नाही.