रिफंडच्या मेलमुळे माझे ४८,७५० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

घरात नवऱ्याशिवाय अजून कोणाला सांगितलेलं नाही, लाज वाटते. पण परवा ऑफिसमधल्या एकीला अगदी तसाच मेल आला, तेव्हा ठरवलं की आता गप्प बसायचं नाही.

जुलैच्या शेवटी इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलं होतं आणि माझा ६,३१० रुपये रिफंड खरंच यायचा होता, म्हणून तर फसले. ऑगस्टमधली संध्याकाळ, कर्वेनगरला घरी येऊन कुकर लावत होते, मुलाच्या क्लासची फी भरायची होती ते डोक्यात, आणि मेल आला. अशोकस्तंभ, इन्कम टॅक्सचा लोगो, 'आपला १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर, २४ तासांत खातं कन्फर्म करा नाहीतर रद्द'. मोबाईलवर पाठवणाऱ्याचं नुसतं नाव दिसतं, त्यावर बोट दाबलं असतं तर पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन नाही हे कळलं असतं. नाही दाबलं.

६,३१० चे १५,४९० कसे झाले? हा प्रश्न मला पडला होता हो, आणि उत्तर पण मीच दिलं, सीएने काहीतरी जास्तीची वजावट दाखवली असेल. तिथेच थांबायचं होतं. मेलमधली लिंक उघडली, तिथे कार्डाची माहिती मागितली. पैसे आपल्याला मिळणार आहेत तर कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे कशाला हवेत? रिफंड इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर आधीच व्हॅलिडेट केलेल्या खात्यात आपोआप येतो, माहीत होतं मला हे! ओटीपीच्या मेसेजमध्ये २४,५०० जाणार असं सरळ लिहिलेलं, मी फक्त सहा आकडे बघितले आणि टाकले. मग 'ओटीपी चुकीचा' असं आलं, दुसरा टाकला, आणखी २४,२५० गेले.

मी अडाणी नाही, घरातले सगळे ऑनलाइन व्यवहार मीच बघते. दमलेलं माणूस घाईत वाचतं, एवढंच.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन केला पण दीड तासाने, कार्ड ब्लॉक करण्यात आणि रडण्यात वेळ गेला. तुम्ही पहिला फोन तिथेच करा, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता येतात.

दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत पाऊण तास बसवलं आणि वर ऐकवलं, मॅडम ही आमची हद्द नाही, आणि मेल उघडलाच कशाला? १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवता येतो, हे मी त्यांना सांगायचं का? दुसरीकडे पाठवलं, तिथे साहेब बंदोबस्ताला, उद्या या. बँकेत तर मॅनेजरने मान वर न करता 'ओटीपी तुम्हीच दिला ना?' एवढंच विचारलं. चोर सोडून सगळे मलाच जाब विचारत होते.

मेल डिलीट करू नका. तसाच वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन ला फॉरवर्ड करा, आणि कॉपी इन्सिडेंट ॲट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन ला, सर्ट-इन म्हणजे सरकारची सायबर सुरक्षा संस्था. लिंकवर कधीच जाऊ नका, पोर्टलचा पत्ता स्वतः टाईप करून लॉगिन करा, रिफंडचं स्टेटस तिथेच दिसतं. नोटीस आली तर तिच्यावरचा डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख नंबर, पोर्टलवर तपासता येतो. आईवडिलांना आजच सांगा.

बँकेला लेखी तक्रार दिलीय, पोच घेतलीय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे.