खेळाडू मुलांची तपासणी: बेळगावच्या टिळकवाडीतील एका दवाखान्याचा अनुभव

कुस्ती स्पर्धेसाठी मुलाला तंदुरुस्तीचा दाखला हवा होता, म्हणून खानापूरहून टिळकवाडीतील एका दवाखान्यात त्याची तपासणी करून घेतली. उंची, वजन, दृष्टी परिचारिकेने झटपट उरकले; डॉक्टरांनी मात्र खरा वेळ प्रश्नांना दिला. धावताना छातीत दुखते का, कधी भोवळ येऊन पडला का, घरातील कोणी पन्नाशीच्या आत हृदयविकाराने अचानक दगावले का, हे त्यांनी खोदून विचारले, कारण हृदयाचे काही दोष नुसत्या तपासणीत सापडत नाहीत आणि घराण्याच्या इतिहासातून त्यांचा माग लागू शकतो. तेव्हा ही माहिती असलेले मोठे माणूस सोबत हवेच. रक्तदाब जास्त भरला, तर मुलाला शांत बसवून तो पुन्हा मोजला. हृदयाचे ठोके उभे करून व झोपवून ऐकले, उकिडवे चालायला लावून गुडघे-घोटे पाहिले आणि पैलवान म्हटल्यावर मानेवर, काखेत नायटा आहे का तेही तपासले. खटकले ते एवढेच, की अर्ज केवळ कन्नड व इंग्रजीत होता. मराठी पालकांना तो कोणाकडून तरी समजून घ्यावा लागतो. दाखला त्याच दिवशी मिळाला, तरी स्पर्धेच्या महिनाभर आधीच जावे, म्हणजे काही निघाल्यास उपचाराला अवधी राहतो.