जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झटके देतोय: ऑइल, व्हॉल्व्ह बॉडी की थेट ओव्हरहॉल?

इंदूरमध्ये जुनी ऑटोमॅटिक पिकअप किंवा लॅडर फ्रेमची एसयूव्ही बाळगणाऱ्याला गॅरेजमध्ये बहुतेक वेळा दोनच उत्तरं मिळतात. एक, "ऑइल बदलके देख लेते हैं". दुसरं, "बॉक्स उतारना पडेगा". पहिल्यात काही हजार जातात, दुसऱ्यात खर्च लाखाच्या घरात जायला वेळ लागत नाही. या दोहोंच्या मध्ये आणखी तीन-चार पायऱ्या आहेत आणि जुन्या गाडीचा निकाल बहुधा तिथेच लागतो. हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सबद्दल आहे, म्हणजे ज्यात इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे जाते. एएमटी किंवा ड्युअल क्लचच्या झटक्यांची कारणं वेगळी असतात, त्यांना हे लावू नका.

कुठलाही पर्याय निवडण्याआधी झटका नेमका कधी बसतो ते लिहून काढा. सकाळी राजेंद्र नगरातून थंड गाडी काढा, राऊपर्यंत जा, पुढे बायपासवर चांगली गरम होऊ द्या आणि परत शहरातल्या गर्दीत आणा. मिस्त्रीला "झटका मारते" एवढंच सांगितलं तर तो अंदाजच करणार.

उभ्या गाडीत पी वरून डी किंवा आर टाकताना धक्का बसत असेल तर आधी आयडलिंगचा आरपीएम आणि इंजिन-गिअरबॉक्सची फाउंडेशनं (ज्या रबरी आधारांवर ते बसतात ती) बघा. रबर बसलेलं असेल तर चांगला गिअरबॉक्ससुद्धा आपटल्यासारखा वाटतो. टाकल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग धाडकन गिअर लागतो, असं असेल तर ऑइलची पातळी कमी असण्याचा संशय पहिला. धक्का फक्त पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना बसतो? मग त्या सर्किटचा अ‍ॅक्युम्युलेटर किंवा सोलेनॉइड (ऑइलची वाट उघड-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह). अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे स्प्रिंगवर बसलेला छोटा पिस्टन. क्लचकडे जाणाऱ्या दाबाचा पहिला जोर तो झेलतो. त्याचं सील गेलं की क्लच एकदम आवळला जातो.

अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर खालून "टण्ण" आवाज येत असेल तर मात्र गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, कोरडा पडलेला स्लिप जॉइंट, डिफरन्शिअलमधला प्ले, सगळं आधी तपासा. चाकांना ठोकळे लावून, गाडी न्यूट्रलला ठेवून शाफ्ट हातानं फिरवला तरी ढिलाई कळते. देवास नाक्याच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात या कामावर हात बसलेले मिस्त्री आहेत, ग्रीसिंग आणि क्रॉस तिथेच करून घ्यावेत. ऑटोमॅटिकची व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे ऑइलचा दाब योग्य क्लचकडे वळवणारा व्हॉल्व्हचा ठोकळा, हे वेगळं कसब आहे, तिथे ते काम देऊ नये.

आता ऑइल. इथे खरी निवड आहे ती चेंबरमधून (गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइल पॅनमधून) काढून भरण्याची की मशीनवर फ्लश करण्याची. काढून भरलं तर साधारण तिसरा हिस्सा ते अर्धंच ऑइल बदलतं, कारण बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं. मशीन जवळपास सगळं बदलतं. कागदावर मशीन जिंकतं. पण वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या जुन्या बॉक्सला मी मशीन लावणार नाही. अनेक ठिकाणी मशीन लावताना चेंबर उघडतच नाहीत, फिल्टर जुनाच राहतो, आणि सुटलेली घाण व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकण्याची भीती असते. त्यापेक्षा चेंबर उघडून, फिल्टर बदलून ऑइल भरा, काही आठवडे चालवा, मग पुन्हा एकदा काढून भरा.

चेंबर उघडताना स्वतः हजर राहा, कारण तिथलं चुंबक बॉक्सची खरी तब्येत सांगतं. चुंबकावर राखाडी, बोटांत चोळल्यावर मऊ लागणारी लापशी असेल तर ती नेहमीची झीज आहे. नखात अडकतील असे धातूचे कण, किंवा चेंबरच्या तळाशी क्लचच्या अस्तराचे काळे पापुद्रे दिसले तर पुढचा खर्च वेगळा. ऑइल लाल किंवा फिकट तपकिरी असेल तर आशा आहे. काळं आणि जळका वास येणारं असेल तर नवीन ऑइलनं क्लच परत येणार नाहीत. "जुन्या गाडीचं ऑइल बदललं की गिअर सुटतो" असं जे म्हणतात, ते बहुतेक अशा आधीच जळालेल्या बॉक्सबद्दल असतं. नुसते झटके आहेत, स्लिप नाही (म्हणजे क्लच घसरून आरपीएम नुसता वर पळत नाही), तर ऑइल बदलायला घाबरू नका.

ग्रेडच्या बाबतीत तडजोड नको. टोयोटाचं टी-4 मागणाऱ्या बॉक्सला डब्ल्यूएस चालत नाही, ते पातळ असतं. पातळीही नीट बघायची: डिपस्टिक असेल तर ऑइल गरम, इंजिन चालू आणि सगळे गिअर एकेकदा फिरवून. डिपस्टिक नसेल तर कंपनीनं दिलेल्या तापमानाला ओव्हरफ्लो प्लगमधून. घाईत थंड बॉक्सवर पातळी बघून भरलेलं ऑइल नव्या तक्रारी आणतं.

ऑइलनं फरक पडला नाही तर स्कॅनर की अनुभवी मिस्त्रीचा कान? माझं मत स्पष्ट आहे, आधी स्कॅनर, आणि तोही गिअरबॉक्सचा कंट्रोलर (त्याचा कॉम्प्युटर) वाचणारा. साध्या स्वस्त स्कॅनरवर बऱ्याचदा फक्त पी 0700 दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरनं काहीतरी नोंदवलं आहे. खरा कोड आत असतो: पी 0745 दाबाच्या सोलेनॉइडचा, पी 0750 च्या पुढचे शिफ्ट सोलेनॉइडचे, पी 0715 आणि पी 0720 वेगाच्या सेन्सरचे. अनेक गाड्यांत असा दोष सापडला की कंट्रोलर सोलेनॉइडचा करंट तोडतो, दाब मुद्दाम जास्तीत जास्त ठेवतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकवतो, म्हणजे क्लच घसरून जळू नयेत. तेव्हा जोराचा धक्का हा बॉक्सचा बचाव असतो, आणि मूळ दुखणं कधी कधी वायरिंगच्या एका हिरव्या पडलेल्या कपलरमध्ये किंवा ढिल्या अर्थिंगमध्ये निघतं. थ्रॉटल किंवा एअर फ्लो सेन्सर चुकीचा लोड सांगत असेल तरीही दाब चढतो. खूप जुन्या बॉक्समध्ये हे काम थ्रॉटल केबल करते, तिची ॲडजस्टमेंट बघायला काहीच खर्च येत नाही.

कोड नाही आणि झटका आहे, तर लाइन प्रेशरचा, म्हणजे बॉक्समधल्या ऑइलच्या मुख्य दाबाचा, गेज लावून घ्या. आयडलला दाब जास्त निघाला तर प्रेशर रेग्युलेटर व्हॉल्व्ह किंवा दाबाचा सोलेनॉइड. दाब ठीक असेल तर अ‍ॅक्युम्युलेटरकडे वळा. हे सगळं व्हॉल्व्ह बॉडीच्या कामात येतं, आणि इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेल्या बहुतेक पिकअप-एसयूव्हीत व्हॉल्व्ह बॉडी चेंबर काढून खालूनच निघते, बॉक्स उतरवावा लागत नाही. म्हणून "उतारना पडेगा" ऐकल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: गेज लावला होता का?

ओव्हरहॉलची वेळ तेव्हा येते जेव्हा झटक्यासोबत स्लिप आहे, गिअर बदलताना आरपीएम वर पळतो, आणि चेंबरमध्ये पापुद्रे सापडलेत. त्या टप्प्यावर कबाड्याकडचा बॉक्स स्वस्त पडतो आणि दोन दिवसांत बसतो. तरी मी स्वतःचा बॉक्स उघडून नीट करण्याच्या बाजूनं आहे. कबाडातल्या बॉक्सचा इतिहास कोणालाच माहीत नसतो, टू-व्हील आणि फोर-व्हील ड्राइव्हची मागची बाजू वेगळी असते, आणि क्रमांक जुळला नाही तर कंट्रोलरशी पटत नाही. गाडी वर्षभरातच विकायची असेल तरच कबाडाचा पर्याय धरावा. काहीही निवडा, कूलर आणि त्याच्या लाइन धुऊन घेण्याचं आणि टॉर्क कन्व्हर्टरचं काम बिलात लिहून घ्या. जुनी घाण कूलरमध्ये राहिली तर नवा बॉक्सही तीच घाण खातो.

काम झाल्यावर स्कॅनरवरून कंट्रोलरची शिकलेली जुनी मूल्यं पुसायला सांगा. नाहीतर तो झिजलेल्या बॉक्सच्या हिशेबानंच दाब देत राहतो. पुसल्यानंतर सुरुवातीला गिअर थोडे वेडेवाकडे बदलतील. अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवून काही दिवस चालवा, आणि त्यानंतरही तोच धक्का त्याच जागी राहिला तर गाडी त्याच गॅरेजला वॉरंटीत परत न्या.