घुमटाशेजारी गोल काढला म्हणजे जोडी जमत नाही

सिव्हिल लाइन्समधल्या एका दालनात सध्या एका स्थानिक चित्रकाराची अमूर्त चित्रं आणि नागपूरच्या इमारतींचे फोटो शेजारी शेजारी लावले आहेत. एक कॅनव्हास, एक फोटो, अशा बारा जोड्या. त्यातल्या तीन-चार बघायला मुद्दाम जावं अशा, काही बऱ्या, आणि उरलेल्या म्हणजे शाळेच्या पेपरातला ‘जोड्या लावा’.

फसलेली जोडी दारातच भेटते. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा फोटो आणि बाजूला पांढऱ्या-करड्या रंगाचं अर्धवर्तुळ. बघणारा ‘हं, घुमट’ म्हणतो आणि पुढे सरकतो. चित्राला स्वतःचं काही बोलायची संधीच राहत नाही. त्यात फोटोही गडबडलाय. कॅमेरा वर तिरपा धरून काढलेला आहे आणि आत कलंडलेल्या उभ्या रेषा नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ केल्यात. असं केलं की फोटोचा वरचा भाग ताणला जातो. खांबांना ते खपून जातं, घुमटाला खपत नाही. तो उभट दिसायला लागतो. बरंच मागे जाऊन फोटो काढला असता, तर हे टळलं असतं. शिवाय 2001 मध्ये खुल्या झालेल्या या स्तूपाची खरी गंमत आत आहे. तो आतून पोकळ आहे. त्या पोकळीला साजेसं एक गडद निळं चित्र याच दालनात आहे, पण ते लावलंय रेल्वे स्टेशनच्या फोटोशेजारी. का, ते लावणाऱ्यालाच ठाऊक.

आता जमलेली जोडी. उच्च न्यायालयाच्या 1940 सालच्या इमारतीचा व्हरांडा, वास्तुकार हेन्री मेड. फोटो कोवळ्या उन्हातला, खांबांच्या सावल्या फरशीवर लांब पसरलेल्या. शेजारच्या चित्रात एकही उभी रेषा नाही. गेरूचा एक थर, आणि तो ओला असतानाच त्यावर आडवा फिरवलेला रोलर. रोलरवरचा रंग संपत येतो तशी पट्टी विरळ होते, पुन्हा रंग घेतला की दाट. हे दाट-विरळ अंतर आणि खांब-सावलीचं अंतर यांचा ठेका एकच आहे. आकार जुळत नाहीत, ताल जुळतो. चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्याजवळ जा. तिथे नाइफनं, म्हणजे रंग लावायच्या-खरवडायच्या पात्यानं, वरचा थर खरवडून नखाएवढा तांबडा उघडा ठेवलाय, आणि फोटोत बरोबर त्याच उंचीला दोन दगडांचा सांधा येतो. मुद्दाम असेल तर कमाल, नसेल तरी कमाल.

रोलर आणि नाइफ म्हटलं की अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे आठवणारच. त्यांचा जन्म 1924 मध्ये नागपुरातच झाला. पण गायतोंड्यांच्या चित्रात थरावर थर चढवून, खरवडून, कागदानं रंग टिपून उजेड आतून वर यायचा. इथल्या दोन-तीन चित्रांत तो उजेड शेवटी पांढरा फासून आणलेला दिसतो. जवळ गेलं की ब्रशच्या रेघा दिसतात आणि पितळ उघडं पडतं.

मांडणीत सगळ्यात मोठी अडचण उजेडाची आहे. दाट रंगाच्या चित्राला तिरपा उजेड हवा, तरच पोत दिसतो. काचेच्या फ्रेममधल्या फोटोला तोच उजेड वेगळ्या कोनातून द्यावा लागतो, नाहीतर काचेत दिवाच दिसतो. इथे दोघांना मिळून एकच स्पॉटलाइट, आणि तोही थंड पांढरा. त्यात 1925 च्या स्टेशनचा सावनेरचा दगड आजारी दिसतो. साधारण 3000 ते 3500 केल्विनचे (किंचित पिवळसर, उबदार उजेडाचे), रंग नीट दाखवणारे, म्हणजे सीआरआय 90 च्या वरचे दिवे लावले असते तर दगडही वाचला असता आणि गेरूही. पश्चिमेच्या खिडकीचं प्रतिबिंब काचांमध्ये पडतं ते वेगळंच. त्यामुळे सूर्य मावळल्यावर जा, आणि फोटोसमोर सरळ उभं न राहता जरा डावीकडे उभे राहा.

उंचीचंही तेच. चित्र आणि फोटो वरच्या कडेला एका रेषेत टांगलेत. फोटो लहान असल्यामुळे नजर सारखी वर-खाली होते. दोघांचे मध्य जमिनीपासून सुमारे 150 सेंटिमीटरवर आणले असते तर काम भागलं असतं.

दोन प्रिंटांना लाटा आल्यात. मे महिन्यात नागपुरात कूलर लागणारच, पण कूलर दालनात ओलावा आणतो. कॉटनचा कागद तो शोषून फुगतो, आणि चारी कडा चिकटवलेल्या असल्या की त्याला पसरायला जागा उरत नाही. वरच्या कडेला फक्त दोन पट्ट्यांवर प्रिंट लटकता ठेवायचा आणि माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, लावून काचेपासून अंतर राखायचं, एवढंच करायचं होतं. एक कॅनव्हासही सैल पडलाय. मागच्या चौकटीच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी आत्ताच ठोकून तो ताणू नये. हवा कोरडी झाली की तो आणखी ताणतो आणि रंगाला तडे जाऊ शकतात.

प्रिंट विकत घ्यायचा असेल तर शाई पिगमेंटची (रंगाच्या बारीक कणांची) की डायची (विरघळलेल्या रंगाची), कागद कोणता आणि एकूण प्रती किती काढणार, हे लेखी मागा. डायचा प्रिंट उन्हाच्या खिडकीसमोर लवकर फिका पडतो. चित्र आणि फोटो वेगवेगळे मिळतात. न्यायालयाची जोडी तेवढी फोडू नका. बाकीच्या फोडल्या तरी चालतील, दीक्षाभूमीची तर फोडाच.