अँजिओग्राफी ठरलीय? सीटी की कॅथ लॅब, मनगट की जांघ, स्टेंट की बायपास

हृदयाच्या वाहिन्यांत अडथळा आहे का ते पाहणारी अँजिओग्राफी ठरलीय आणि ज्यांच्या हातात विचार करायला दोन-चार दिवस आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. छातीत दाब, दरदरून घाम आणि ईसीजीत झटका दिसत असेल तर तुलना बाजूला ठेवा आणि चोवीस तास चालणारी जवळची कॅथ लॅब (नळी घालून हृदयाच्या वाहिन्या तपासायची आणि उघडायची खोली) गाठा. 'मुंबईलाच नेऊ' म्हणणारे एक मामा नाशिकच्या प्रत्येक घरात असतात. त्यांना नम्रपणे गप्प करा. रुग्णालयात पाऊल ठेवल्यापासून ९० मिनिटांत बंद वाहिनी उघडावी असं गणित असतं, ते कसारा घाटात जुळत नाही. सुरगाणा-पेठकडचा पेशंट असेल आणि दोन तासांत कॅथ लॅब गाठणं कठीण असेल, तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं का ते पाहायचं आणि मग नाशिककडे निघायचं.

आता सवडीने ठरवायच्या गोष्टी.

पहिला प्रश्न सीटी अँजिओ की कॅथेटरची, म्हणजे वाहिनीत नळी घालून केलेली. सीटीत हाताच्या शिरेतून डाय (वाहिन्या फोटोत उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं द्रव्य) देतात आणि मशीन फोटो काढतं, वाहिनीत काही घालत नाहीत. चाळिशीतला माणूस, दुखणं जरा वेगळंच, टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) धड पॉझिटिव्ह नाही की निगेटिव्ह नाही, अशा वेळी सीटी छान. ती स्वच्छ आली की बहुतेक वेळा विषय संपतो. पण जुना मधुमेह, वय सत्तरीकडे आणि वाहिन्यांत कॅल्शियम साठलेलं असेल, तर ते सीटीत पांढरंफेक चमकतं आणि अडथळा आहे त्याहून मोठा दिसतो. मग कॅथेटरची अँजिओ करावीच लागते, म्हणजे डाय दोनदा आणि बिलही दोनदा. जिना चढताना छाती भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, अशी ठरावीक तक्रार असलेल्या वयस्क माणसाने माझ्या मते सरळ कॅथ लॅबचाच विचार करावा. डायचा ताण दोन्हीकडे किडनीवरच येतो. त्यामुळे किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट दाखवा आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर आधी सांगा.

दुसरा प्रश्न मनगट की जांघ, म्हणजे नळी कुठून घालायची. पेशंटला सगळ्यात जास्त फरक इथे जाणवतो आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने स्वतःच्या कोपराच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. मनगटाच्या धमनीतून हृदयाच्या वाहिन्यांची अँजिओ करायची पद्धत मात्र १९८९ नंतर रुळली.

जांघेतून केली की नळी काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं ती जागा दाबून धरतात, मग घट्ट पट्टी. पुढचे काही तास पाय सरळ ठेवून उताणं पडायचं आणि लघवीला भांडं. ज्यांची कंबर आधीच दुखते त्यांना अँजिओपेक्षा हेच जास्त लक्षात राहतं. शिवाय तिथला रक्तस्राव आतल्या आत होऊ शकतो, बाहेरून चटकन कळत नाही. मनगटातून केली तर हवा भरलेला पारदर्शक पट्टा बांधतात. सिस्टर मधूनमधून येऊन सिरिंजने थोडी थोडी हवा काढते, आणि माणूस पलंगावर बसून चहा पितो. मोठ्या चाचण्यांतही मनगटाच्या मार्गात रक्तस्राव कमी दिसला आहे. तरी जांघ लागते. मनगटाची धमनी फार बारीक असते किंवा आखडते, डायलिसिससाठी हाताच्या वाहिन्या राखून ठेवायच्या असतात, हृदयाची झडप जांघेतून बसवायची असते. डॉक्टरांना सरळ विचारा, 'तुम्ही नेहमी कुठून करता?' ज्याचा हात मनगटावर बसलेला आहे तो उत्तर द्यायला अडखळत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात महागाचा. संमतीपत्रावर बहुधा 'अँजिओग्राफी आणि गरज पडल्यास अँजिओप्लास्टी' असं एकत्रच असतं. अँजिओप्लास्टी म्हणजे अडलेली वाहिनी बलूनने उघडणं, आणि स्टेंट म्हणजे ती उघडी राहावी म्हणून आत बसवायची जाळीची नळी. मग मधेच नातेवाइकांना आत बोलावतात, स्क्रीनवर अडथळा दाखवतात, आणि पेशंट टेबलावर असताना 'टाकायचा का स्टेंट?' याचं उत्तर द्यायचं असतं. एकाच वाहिनीत सरळ ब्लॉकेज असेल आणि गोळ्यांनी त्रास हटत नसेल, तर त्याच बैठकीत उरकणं सोयीचं. दुसऱ्यांदा टोचणं वाचतं. पण मधुमेह आहे आणि तिन्ही वाहिन्यांत ब्लॉकेज निघाले, किंवा डावी मुख्य वाहिनीच अडलीय, तर तिथे थांबा. अँजिओची सीडी घ्या आणि बायपास करणाऱ्या सर्जनलाही दाखवा. २०१२ च्या फ्रीडम चाचणीत अनेक वाहिन्या अडलेल्या मधुमेहींमध्ये पाच वर्षांत बायपासवाल्यांचे मृत्यू आणि झटके कमी होते, पक्षाघात मात्र थोडे जास्त. आणि त्रास स्थिर असेल तर घाई कशाला? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया चाचणीत अशा पेशंटमध्ये नीट औषधोपचाराच्या तुलनेत स्टेंट-बायपासने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. छातीतली कळ मात्र जास्त कमी झाली. डावी मुख्य वाहिनी अडलेले पेशंट त्यात नव्हते, हे विसरू नका.

छोट्या छेदातून, छातीचं हाड न कापता होणारी बायपासही असते, पण ती प्रत्येकाला जमत नाही. स्टेंट घेतला तर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण सहा महिने ते वर्षभर चालतात. हर्निया किंवा पित्ताशयाचं ऑपरेशन रांगेत असेल तर स्टेंटच्या आधीच सांगा.

पैशाचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली, नंतर ती मर्यादा बदलत गेली. म्हणून पॅकेजची तुलना स्टेंटवरून न करता बलून, गाइडवायर (नळीला वाट दाखवणारी तार), कॅथ लॅब आणि आयसीयूचे दिवस यांवरून करा. स्टेंटच्या पाकिटावरचं स्टिकर फाइलला लावून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही आहेत. नाशिकच्या शालिमारमधल्या संदर्भ सेवा रुग्णालयात हृदयविभाग आहे, योजनेतल्या खासगी रुग्णालयांतही आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनिसाचं) टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा. नुसत्या अँजिओग्राफीचा खर्च योजनेत बसतो का, हे भरती होण्याआधीच विचारून घ्या.