जुना वाडा: डागडुजी करायची की पाडून बांधायचा?

नाशिकचं भद्रकाली, तिवंधा, रविवार कारंजा, पंचवटी. इथे ज्यांचा वडिलोपार्जित वाडा आहे, त्यांच्या घरात पावसाळा जवळ आला की हा विषय निघतोच. पैशांचा हिशेब सगळेच मांडतात. माझं म्हणणं एवढंच, की आधी वाडा कुठल्या नियमाखाली येतो ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

वाडा वारसा यादीत असेल तर पाडण्याचा विचार जवळपास सोडूनच द्या. श्रेणी १ मध्ये मजबुतीकरणापलीकडे फारसं काही करता येत नाही. श्रेणी २ मध्ये आतून सोयीचे बदल चालतात, दर्शनी भाग मात्र वारसा समितीच्या नजरेखाली राहतो. श्रेणी ३ बरीच सैल आहे, त्याच भूखंडावर वाढीव बांधकामही मागता येतं. बांधकामाचा जो हक्क यात बुडतो, त्याच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामहक्क, मागण्याची तरतूद आहे, ती विसरू नका.

यादीत नसलेला पण गोदाकाठचा वाडा ही वेगळी गोष्ट. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून आपण पूर मोजतो, महापालिका मात्र निळी (नेहमीच्या पुराची, नदीकडची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा बघते. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम मिळत नाही. २००८ च्या सप्टेंबरात सराफ बाजारात पाणी शिरलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांना हा नियम जाचक वाटू नये.

पांडवलेण्यांजवळ घर असेल तर कायदा केंद्राचा. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने. पहिल्या पट्ट्यातल्या जुन्या घराच्या दुरुस्तीलाही आधी अर्ज लागतो. विनापरवाना काम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यांपैकी काहीच लागू नसेल तर निवड खरी तुमची. पाडून बांधलात तर पार्किंग, लिफ्ट, पक्कं छत मिळतं. पण नव्या नकाशाला रस्तारुंदीची रेघ लागते आणि अरुंद गल्लीत जागा हातची जाते. दुरुस्तीत जोतं आहे तिथेच राहतं.

माझा कौल दुरुस्तीकडे, मात्र लाकूड धड असेल तरच. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक पेचकसाने टोचून बघा. पेचकस सहज आत गेला, भुसा पडला, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मुळीच करू देऊ नका. ओल आत कोंडते आणि सागवानाचीही टोकं कुजतात. किती चांगले वाडे या एका घाईने गेले, याचं फार वाईट वाटतं. चुन्याचं काम जाणणारा गवंडी महाग पडेल, तरी तोच शोधा.

वाड्यात भाडेकरू असतील तर कुठलाही मार्ग घ्या, प्रत्येकाच्या ताब्यातलं क्षेत्र मोजून, लेखी करून, सह्या घेतल्याशिवाय एक कौलही काढू नका.